घरच्या घरी बेल्जियन विटबिअर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

विटबिअरमध्ये, म्हणजे बेल्जियमच्या गव्हाच्या पांढुरक्या बिअरमध्ये, धणे आणि संत्र्याची साल पडते हे कळलं की मराठी माणसाचा हात मसाल्याच्या डब्याकडे सढळपणे जातो. तो आवरणं ही या बिअरची अर्धी विद्या आहे. चांगल्या विटबिअरचा घोट घेतल्यावर ‘यात धणे आहेत’ असं मनात येता कामा नये. काहीतरी ताजं, लिंबूवर्गी, किंचित मिरमिरीत आहे एवढंच जाणवावं आणि नेमकं काय ते सांगता येऊ नये. मसाला ओळखू आला म्हणजे तो जास्त झाला. खाली जी मापं दिली आहेत ती हे डोळ्यांसमोर ठेवूनच दिली आहेत, म्हणून निदान पहिल्या खेपेला ती वाढवू नका.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती विकायची नसली तरी. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा आणि विटबिअर प्यायची तर पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीत जाऊन प्यावी. हे मार्गदर्शन मुख्यतः अमेरिका, ब्रिटन अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने घरी बिअर करण्याची मुभा मिळाली: एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. दोन्हीकडे ती स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी करायची असते, विकता येत नाही. इतर देशांत राहत असाल तर तिथला नियम आधी पाहून घ्या. आणि बिअर ऊर्ध्वपातित करून तिची कडक दारू काढायच्या भानगडीत कुठेच पडू नका. तो वेगळा आणि बहुतेक देशांत गंभीर गुन्हा आहे, शिवाय त्यात आगीचा धोका असतो.

ही बिअर आली कुठून

बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. गव्हाची पांढुरकी, गढूळ बिअर हा तिथला जुना धंदा. पण लोकांना स्वच्छ, सोनेरी लागर बिअर आवडू लागली तशा तिथल्या ब्रुअऱ्या एकेक करून बंद पडल्या आणि १९५७ साली टोमसिन ही शेवटची ब्रुअरीही मिटली. तिच्या शेजारी वाढलेला, लहानपणी तिथे हाताखाली काम केलेला पिएर सेलिस दुधाचा व्यवसाय करत होता. गावातल्या म्हाताऱ्यांना त्या बिअरची आठवण जाईना. शेवटी १९६०च्या दशकाच्या मध्यावर सेलिसने स्वतःच ती पुन्हा करायला घेतली आणि तिला चांगले दिवस आले. १९८५ साली त्याच्या ब्रुअरीला मोठी आग लागली. उभारणीसाठी पैसा मोठ्या कंपनीकडून आला आणि यथावकाश ब्रुअरीही तिच्याकडे गेली. मग सेलिस टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेला आणि १९९२ मध्ये तिथे नव्याने सुरुवात केली. २०११ साली तो वारला. आज जगात जिथे जिथे विटबिअर होते, त्या सगळ्यांचं मूळ या एका माणसाच्या हट्टात आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून कृतीच्या आधी त्याचं नाव घेतलं.

त्याच्या परंपरेतलं प्रमाण साधं आहे: साधारण निम्मं बार्लीचं माल्ट, निम्म्याला थोडा कमी कच्चा गहू, आणि उरलेले थोडे ओट्स. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये गव्हाचंही माल्ट वापरतात, बेल्जियन विटमध्ये गहू कच्चा असतो. त्यातूनच तिचा गढूळपणा, दाट पांढरा फेस आणि कणकेसारखी मऊ चव येते.

दहा लिटरसाठी साहित्य

पहिल्यांदा वीस लिटरचा घाट घालू नका. दहा लिटर घरच्या शेगडीवर नीट उकळतात, उचलायला जड होत नाहीत, आणि ३३० मिलीच्या अठ्ठावीसेक बाटल्या होतात.

पिल्सनर माल्ट, दळून: १.३ किलो
गव्हाचे पोहे: १.१ किलो
साधे ओट्स: १२५ ग्रॅम
साझ जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं (कडवटपणाचं मूळ असलेलं आल्फा आम्ल ३.५ टक्के): १८ ग्रॅम
अख्खे धणे: १० ग्रॅम
कडू संत्र्याची वाळलेली साल: ७ ग्रॅम, किंवा एका मोठ्या ताज्या संत्र्याची किसलेली साल
विटबिअरचं यीस्ट: एक पाकीट
बाटल्या भरताना साखर: लिटरला ७ ग्रॅम
पाणी: १६ लिटर

माल्ट पिल्सनरच, म्हणजे फिकट, घ्या. कच्च्या गव्हात स्वतःच्या पिष्टाची साखर करण्याइतकी एन्झाइम्स नसतात, ते काम बार्लीच्या माल्टला दोघांच्या वाटचं करावं लागतं. भाजलेल्या, गडद माल्टला ते जमत नाही. दुकानात माल्ट दळून मिळतं. ‘पिशवीत करणार आहे’ असं सांगितलं तर थोडं बारीक दळून देतात.

गव्हाचे पोहे ब्रुइंगच्या दुकानात ‘फ्लेक्ड व्हीट’ म्हणून मिळतात. वाफवून दाबलेले असल्यामुळे त्यांचा पिष्ट आधीच मोकळा झालेला असतो आणि ते थेट वापरता येतात. भारतीय किराणा दुकानातले गव्हाचे पोहेही चालतात, फक्त मीठ किंवा तेल लागलेले नकोत. लापशीचा दलिया स्वस्त पडतो आणि तो खराखुरा कच्चा गहू आहे, पण तो आधी भरपूर पाण्यात मऊ शिजवून घ्यावा लागतो. पहिल्या खेपेला पोहेच घ्या. ओट्सही साखर किंवा स्वाद नसलेले.

धण्यांच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. बाजारात धण्यांच्या दोन जाती दिसतात: एक लहान, गोल, तपकिरी, अमेरिकन सुपरमार्केटच्या बाटल्यांत मिळणारी, आणि दुसरी आपली भारतीय, मोठी, लांबट, फिकट पिवळसर-हिरवी. जाणते ब्रुअर मुद्दाम भारतीय दुकानात जाऊन दुसरी आणतात, कारण तिचा वास अधिक फळांसारखा, लिंबाकडे झुकणारा असतो. नवं पाकीट आणा. धणे भाजायचे नाहीत. आपल्या हाताला भाजायची सवय असते, पण भाजले की लिंबूवर्गी वास उडतो आणि आमटीचा वास येतो. धणेपूडही नको. जुने, शिळे धणे घातले तर बिअरला सेलरीसारखा भाजीचा वास येतो.

कडू संत्र्याची साल म्हणजे परंपरेने कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटाच्या नावाने ओळखली जाणारी. ती ब्रुइंगच्या दुकानात वाळवून तुकडे केलेली मिळते. मला स्वतःला ताज्या संत्र्याची साल जास्त आवडते. संत्रं गरम पाण्यात घासून धुवायचं, म्हणजे वरचं मेण निघतं, आणि बारीक किसणीवर फक्त केशरी भाग किसायचा. खालचा पांढरा पापुद्रा कडवट, तो येऊ द्यायचा नाही.

यीस्टवर कंजुषी करू नका. या बिअरचा मिरमिरीतपणा अर्धाअधिक यीस्टमधूनच येतो. कोरड्या यीस्टमध्ये मॅंग्रोव्ह जॅक्सचं एम२१ किंवा लालेमंडचं विट घ्या. द्रवरूपात वायईस्ट ३९४४ किंवा व्हाइट लॅब्सचं डब्ल्यूएलपी४०० आहे. दुकानदार ‘गव्हाच्या बिअरचं’ म्हणून जर्मन यीस्ट देऊ पाहील. ते चांगलं असतं, पण त्याने केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आपल्याला तो नको आहे.

भांडी आणि स्वच्छता

वीस लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यात मावेल अशी बारीक जाळीची नायलॉनची पिशवी, थर्मामीटर, ग्रॅमचा काटा, पंधरा लिटरचा झाकणाचा फर्मेंटर (बिअर आंबायला ठेवायचं भांडं), एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत येऊ न देणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं उपकरण), सायफन नळी, बाटल्या, बुचं आणि बूच लावायचं यंत्र. एवढ्यावर भागतं. बाटल्या तपकिरी काचेच्या, जाड, पेलणाऱ्या हव्यात. पिळाच्या झाकणाच्या पातळ बाटल्या वापरू नका, दाबाने फुटतात.

स्वच्छतेचे दोन टप्पे असतात आणि नवखे लोक नेमका एक गाळतात. पहिला टप्पा धुण्याचा: डाग, चिकटा, जुना साका पूर्ण निघाला पाहिजे. दुसरा निर्जंतुक करण्याचा. मळक्या भांड्यावर जंतुनाशक ओतून काही उपयोग होत नाही, कारण मळाखाली जंतू सुखरूप राहतात. स्टार सॅन हे आम्लाचं जंतुनाशक सोयीचं आहे. लिटरभर पाण्यात दीड मिली घालायचं, भांडं त्यात मिनिट-दोन मिनिटं भिजवायचं, फेस राहिला तरी पुन्हा धुवायचं नाही. वर्ट, म्हणजे धान्यातून उतरलेलं गोड पाणी, उकळेपर्यंत जंतूंची काळजी नको. उकळून थंड व्हायला लागलं की मग त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट निर्जंतुक हवी: डाव, नळी, थर्मामीटरचं टोक, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा.

पाण्यातल्या क्लोरिनकडेही लक्ष द्या. शहरी नळाच्या पाण्यात क्लोरिन किंवा क्लोरामाइन असतं आणि त्याने बिअरला दवाखान्यासारखा, औषधी वास येतो. सोळा लिटर पाण्यात कॅम्पडेनची (सल्फाइटची) पाव गोळी चुरून ढवळली की काही मिनिटांत दोन्ही निकामी होतात.

करण्याचा दिवस

चार ते पाच तास हाताशी ठेवा. आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये भरपूर बर्फ करून ठेवा.

पातेल्यात सोळा लिटर पाणी तापत ठेवा. ७० अंश सेल्सिअस, म्हणजे १५८ फॅरेनहाइट झालं की आच बंद करा. पिशवी पातेल्यात सोडून तिचं तोंड कडेवर उलटवा, आणि माल्ट, पोहे, ओट्स थोडे थोडे घालत ढवळत राहा. गव्हाच्या गुठळ्या होतात, त्या डावाने फोडा, कारण गुठळीच्या आत कोरडा राहिलेला पिष्ट वाया जातो. सगळं मिसळल्यावर तापमान ६६ ते ६७ अंशांवर यायला हवं. जास्त निघालं तर थोडं गार पाणी घाला, कमी निघालं तर मंद आचेवर ढवळत वर आणा, पण पिशवी तळाला चिकटून जळू देऊ नका.

आता झाकण ठेवा, पातेलं जाड टॉवेलांत किंवा जुन्या ब्लँकेटात गुंडाळा, आणि तासभर तसंच राहू द्या. आत एन्झाइम्स पिष्टाची साखर करत असतात. ६२ अंशांच्या आसपास होणारी साखर यीस्ट जवळपास पूर्ण खातं आणि बिअर कोरडी, हलकी होते. ७० अंशांच्या आसपास न आंबणाऱ्या शर्करा जास्त राहतात आणि बिअर जाड लागते. ६६-६७ हा विटसाठी चांगला मध्य आहे. मध्ये एकदा तापमान बघा. ६४च्या खाली गेलं तर हलकेच आच द्या.

तासाभरानंतर खात्री करायची असेल तर पांढऱ्या बशीत पातेल्यातलं चमचाभर पाणी घेऊन त्यात औषधाच्या दुकानातल्या आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. तपकिरीच राहिला तर काम झालं. तपासलेला थेंब फेकून द्या, परत पातेल्यात नको.

पिशवी वर उचला आणि पातेल्यावर जाळी ठेवून निथळू द्या. मोठी पिशवी ओली झाली की चांगलीच जड असते, दोघं असाल तर बरं. हलक्या हाताने दाबून उरलेलं पाणी काढा. पातेल्यात चौदा लिटरच्या आसपास गोडसर, दुधाळ द्रव राहील. त्याला वर्ट म्हणतात. चोथा टाकू नका. पसरून वाळवला आणि दळला तर थालीपिठाच्या भाजणीत मूठभर घालता येतो, पोत छान येतो.

वर्टला आच वाढवा. एका शेगडीवर उकळी फुटत नसेल तर पातेलं दोन शेगड्यांवर ठेवा. उकळी येताना फेस झपाट्याने वर चढतो आणि उतू गेला तर सगळी शेगडी चिकट होते, तेव्हा त्या दहा मिनिटांत जागेवरून हलू नका. फेस बसला की साझ हॉप्स टाका आणि घड्याळात एक तास लावा. झाकण ठेवायचं नाही. पिल्सनर माल्टमधला एक घटक उकळताना डीएमएस नावाच्या वायूत बदलतो. तो वाफेबरोबर बाहेर गेला नाही तर बिअरला शिजलेल्या मक्याचा वास येतो. साझच्या जागी ईस्ट केंट गोल्डिंग्ज मिळाले तर १२-१३ ग्रॅम पुरतात. विटबिअरमध्ये हॉप्सनी फक्त गोडवा तोलायचा असतो, त्यांचा कडवटपणा पुढे यायला नको. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी हॉप्सचा चोथा बंद डब्यातच टाकावा. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात आणि जिवावर बेतू शकतात.

शेवटची दहा मिनिटं उरली की खलबत्त्यात धणे ठेचा. पूड करायची नाही, प्रत्येक दाणा दुभंगला की पुरे. लगेच नाकाशी धरून बघा, याच वासासाठी एवढी खटपट आहे. पाच मिनिटं उरताना धणे आणि संत्र्याची साल पातळ फडक्याच्या छोट्या पुरचुंडीत बांधून सोडा. जास्त उकळले तर त्यांचं तेल वाफेबरोबर निघून जातं. फार ढगाळ बिअर हवी असेल तर याच वेळी चमचाभर मैदा पाण्यात कालवून घालण्याची युक्ती काही जण करतात. एवढा गहू असताना मला तिची गरज वाटत नाही. बिअर स्वच्छ करण्यासाठी विकतात ती आयरिश मॉस वगैरे मात्र इथे बिलकूल घालू नका.

थंड करणं

आच बंद केल्यावर पुरचुंडी काढून घ्या आणि पातेलं झाकून सिंकमध्ये किंवा टबमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा. पाणी गरम झालं की बदला, आतलं वर्ट निर्जंतुक डावाने सावकाश ढवळा. तांब्याच्या नळीचा चिलर असेल तर काम वीस मिनिटांत होतं. २० अंशांवर आणायचं आहे. वर्ट कोमट असताना जितका वेळ जाईल तितकी जंतूंना संधी.

थंड वर्ट फर्मेंटरमध्ये उंचावरून ओता, म्हणजे हवा मिसळते. तळाचा हॉप्सचा गाळ मागे ठेवा. दहा-साडेदहा लिटर भरेल. थोडं वर्ट उंच पेल्यात काढून हायड्रोमीटर सोडा: १.०४८च्या जवळपास आकडा यावा. १.०४४ ते १.०५२ काहीही आलं तरी विटबिअरच आहे, काळजी करू नका. आकडा आणि तारीख लिहून ठेवा. नमुन्याचं वर्ट चाखून बघा आणि टाकून द्या.

फर्मेंटर झाकून मिनिटभर जोरात हलवा, मग यीस्ट घाला. दह्याचं विरजण जसं कढत दुधात घातलं तर मरतं तसंच यीस्टचंही आहे. तापमान २०-२२च्या वर असेल तर थांबा. अकरा ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं यीस्टही दहा लिटरला पुरतं. पाकीट जुनं असेल तर पूर्ण घाला. एअरलॉकमध्ये थोडं पाणी भरून तो झाकणात बसवा.

आंबण्याचे दिवस

पहिले तीन दिवस १९-२० अंश, नंतर हळूहळू २२-२३ पर्यंत चढू द्या. आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असतं, कारण यीस्ट काम करताना उष्णता सोडतं. उन्हाळा असेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळा. सुरुवातीलाच २६-२७ला गेलं तर बिअरला स्पिरिटसारखा तिखट, डोकं धरणारा उग्रपणा येतो आणि तो नंतर जात नाही. थंडीत फर्मेंटर हीटरजवळ ठेवू नका, आतल्या खोलीतलं कपाट बरं. उजेड लागू देऊ नका.

दुसऱ्या दिवशीपर्यंत वर जाड, पांढरट-तपकिरी फेस येतो. विटचं यीस्ट फेस फार उंच चढवतं, म्हणून फर्मेंटर पंधरा लिटरचा सांगितला. तरीही एअरलॉकमधून फेस बाहेर आला तर एअरलॉक काढून तिथे जाड नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक जंतुनाशकाच्या भांड्यात बुडवून ठेवा. झाकण उघडून बघण्याची हौस आवरा.

दहा दिवसांनी निर्जंतुक नळीने नमुना काढून घनता मोजा. १.०१०च्या आसपास असायला हवी. तीन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे सारखे असतील तरच बिअर बाटलीत भरायला तयार आहे. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले यावर विसंबू नका. विटची काही यीस्टं शेवटचे काही अंक रेंगाळत उतरतात. आकडा १.०१४च्या वर अडकला असेल तर फर्मेंटर थोडा उबदार जागी हलवा, हलकेच गदागदा न करता फिरवा आणि आठवडाभर थांबा. साखर शिल्लक असताना भरलेली काचेची बाटली फुटते आणि काचा लांब उडतात. या सगळ्या कामातला खरा धोका हाच आहे.

१.०४८ वरून १.०१० पर्यंत उतरली असेल तर अल्कोहोल साधारण पाच टक्के आहे.

बाटल्या

साडेनऊ लिटर बिअर हाती लागली असं धरू. तिला साधी साखर ६६ ग्रॅम. ती कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून थंड करा, निर्जंतुक बादलीच्या तळाशी ओता, आणि फर्मेंटरमधली बिअर सायफनने तिच्यावर सोडा. नळीचं टोक तळाशी ठेवा, शिंतोडे उडू देऊ नका: आता हवा नको, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास धरतो. साका मागे ठेवा. साखर सारखी मिसळली पाहिजे, म्हणून निर्जंतुक डावाने दोन-तीनदा सावकाश फिरवा. साखर ‘अंदाजाने’ घालायची नाही, काट्यावर मोजूनच.

बाटल्यांना वर दोन बोटं जागा ठेवून बूच लावा. थोडी बिअर सोड्याच्या प्लास्टिकच्या एका बाटलीत भरा. ती दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्यांतही वायू तयार झाला हे दाबून कळतं. सगळ्या बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकून, २०-२३ अंशांवर दोन आठवडे ठेवा. मग फ्रीजमध्ये, निदान दोन दिवस.

पिताना

पाच-सहा अंशांवर थंड करा. ग्लास जाड आणि रुंद असेल तर हात लागून बिअर लवकर तापत नाही. हूगार्डनचा सहा कोनांचा ग्लास त्यासाठीच ओळखीचा आहे. दोन तृतीयांश बाटली सावकाश ओता, मग बाटली आडवी धरून हळूच फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट उठेल, आणि ते ग्लासात घाला. बिअर फिकट पिवळी, धुकं भरलेली, वर घट्ट पांढरा फेस अशी दिसायला हवी. संत्र्याची किंवा लिंबाची फोड पहिल्या ग्लासात घालू नका. तुम्ही घातलेले दहा ग्रॅम धणे काय करतात हे आधी कळू द्या. खायला साध्या गोष्टी छान लागतात: सुरमईचा तळलेला तुकडा, कोळंबी, काकडीची कोशिंबीर. तिखट रश्शाखाली ती बुडून जाते.

विटबिअर साठवायची नसते. दोन-तीन महिन्यांत धण्यांचा आणि सालीचा वास ओसरतो, म्हणून लोकांना बोलवा आणि संपवा. गाडी चालवणाऱ्यांना मात्र आग्रह नको.

पहिल्या खेपेला काही कमी-जास्त होईल, त्याची कारणं बहुधा अशी असतात. बिअर पाणचट लागली तर पुढच्या वेळी मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं धान्य, एका अंशाने वर ठेवा किंवा ओट्स २०० ग्रॅमपर्यंत न्या. चव बोथट वाटली तर माल्टबरोबर ५० ग्रॅम अॅसिड्युलेटेड (आंबट केलेलं) माल्ट घाला, बारीकशी आंबट धार येते आणि मॅशही नीट होतो. धणे अजिबात जाणवले नाहीत तर बारा ग्रॅम करा, वीस नाही. फेस लगेच खाली बसला तर आधी ग्लास तपासा: त्यावर साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिलेला असतो. आणि पिशवीतून वर्ट निथळायला फार वेळ लागला तर पुढच्या खेपेला दळलेल्या धान्यात शंभर ग्रॅम भाताचं तूस धुऊन मिसळा. ब्रुइंगच्या दुकानात ते ‘राइस हल्स’ म्हणून मिळतं, चवीत काही फरक पडत नाही, आणि गव्हाच्या चिकट लगद्यातून पाण्याला वाट मिळते.